चौथ्या गिअरात उतरलेला घाट

वास आधी वहिनीला आला. "काहीतरी जळतंय गं," ती मागच्या सीटवरून म्हणाली. मी पुढच्या ट्रककडे बोट दाखवून मोकळी झाले. घाट उतरताना ट्रकचे ब्रेक तापतात आणि त्याचा वास सुटतो, एवढं मला ठाऊक होतं. दोन वळणांनंतर त्या ट्रकला मागे टाकलं. वास मात्र आमच्याबरोबरच आला.

गाडीत आम्ही पाच जण होतो. मी, दादा, वहिनी, आई आणि पुतण्या. डिकी गच्च भरलेली, वर कॅरिअरवर दोन बॅगा. उतार दहा किलोमीटरचा. मी चौथ्या गिअरात आणि उजवा पाय ब्रेकवर. दाबलेला नव्हता, नुसता ठेवलेला होता, असं त्या वेळी मी शपथेवर सांगितलं असतं. १७ वर्षं गाडी चालवतेय, कुणाला साधा ओरखडा काढलेला नाही, याचा थोडा तोराही होता.

एका डाव्या वळणाआधी ब्रेक दाबला आणि पेडल गेलं. गेलं म्हणजे तुटलं नाही. रोज ज्या ठिकाणी ते पायाला अडतं तिथे अडलंच नाही. ओल्या स्पंजवर पाय पडावा तसं खाली खाली जात राहिलं, आणि वेग जेमतेम उतरला.

मग मी जे केलं ते सांगायला आजही लाज वाटते. मी दोन्ही पाय दाबले. ब्रेक आणि क्लच. शिकताना "थांबायचं म्हणजे दोन्ही" असं अंगवळणी पडलेलं असतं, तेच वर आलं. क्लच दाबताच इंजिन चाकांपासून सुटलं, इंजिनाची जी काही थोडी ओढ होती तीही गेली, आणि गाडी मोकळी पळायला लागली. "क्लच सोड!" दादा ओरडला. सोडला. ब्रेक पटापट तीन-चार वेळा मारला, तेव्हा पेडल थोडं वर आलं, पायाखाली काहीतरी लागलं. चौथ्यातून तिसऱ्यात आले. इंजिन कण्हलं, वेग उतरला. मग दुसरा. दादाने हँडब्रेकला हात घातला तेव्हा मी म्हटलं, "बटण दाबून धर आणि हळू ओढ." हे कधी, कुणाकडून ऐकलं होतं देव जाणे, पण त्या क्षणी आठवलं. झटक्यात ओढला तर मागची चाकं जाम होतात आणि गाडीचं ढुंगण फिरतं. डोंगराच्या बाजूला रस्ता जरा रुंद झाला होता, तिथे मातीत चाकं घातली आणि गाडी थांबली. इंजिन चालूच ठेवलं होतं. ते मात्र शहाणपणाने नव्हे, बंद करायचं सुचलंच नाही म्हणून. नंतर कळलं की चालत्या गाडीचं इंजिन बंद केलं असतं तर ब्रेकचा बूस्टर, म्हणजे पायाचा जोर वाढवून देणारा भाग, आणि स्टीअरिंगचा जोर, दोन्ही गेलं असतं, आणि किल्ली काढली असती तर स्टीअरिंगच लॉक झालं असतं.

पुढच्या दोन्ही चाकांतून निळसर धूर येत होता. पुतण्या पाण्याची बाटली घेऊन खाली उतरला आणि चाकावर ओतणार, तेवढ्यात मागून कुणीतरी हाक मारली. "पाणी नको! राहू दे तसंच." मघाशी ज्याच्या नावावर मी वास खपवला होता तोच ट्रकवाला. गाडी बाजूला घेऊन, चाकाला दगड लावून तो आला होता. लाल तापलेल्या तव्यावर पाणी टाकलं की काय होतं तेच डिस्कचं, चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकडीचं होतं, म्हणाला. वाकडी होते, नाहीतर तडकते. मग त्याने माझ्याकडे पाहिलं.

"कितव्या गिअरात उतरत होता, ताई?"

"चौथ्या."

तो काही बोलला नाही. वाकून चाकाकडे बघत राहिला. त्या गप्प बसण्यानेच मला जास्त बोलून घेतलं. जाताना एवढंच म्हणाला, "ज्या गिअरात चढायला लागेल, त्याच गिअरात उतरायचं. आणि थांबलात तर आता ब्रेक दाबून बसू नका, हँडब्रेकपण नको. गिअरात ठेवा, दगड लावा." त्याने स्वतःच दोन दगड आणून आमच्या चाकांना लावले.

पाऊण तासाने पेडल दाबून पाहिलं. टणक! जसं काही झालंच नव्हतं. या प्रकारात खरी फसवणूक आहे ती इथे. थंड झाल्यावर सगळं ठीक लागतं, आणि माणसाला वाटतं, आपल्यालाच भास झाला असेल. उरलेला घाट मी दुसऱ्या गिअरात, पंचवीसच्या वेगाने उतरले आणि घरी पोचले. आज तशी वेळ आली तर गाडी ओढून न्यायला बोलावेन. तेव्हा संध्याकाळ होत आली होती, आई बरोबर होती, आणि पेडल टणक लागत होतं.

* * *

मी शाळेत विज्ञान शिकवते. नववीला गतिज ऊर्जा, स्थितिज ऊर्जा, फळ्यावर गणितं, सगळं. म्हणून त्या रात्री झोप येईना तेव्हा कागद घेतला. गाडी, माणसं आणि सामान मिळून १,४०० किलो धरले. दहा किलोमीटरमध्ये उंची उतरली ६०० मीटर. गुणाकार केला तर आले ८२ लाख ज्यूल. हाच आकडा फळ्यावर असता तर मी पुढच्या गणिताकडे वळले असते. पण तो माझ्या चार चाकांमध्ये जिरला होता. एवढ्या उष्णतेत साध्या तापमानाचं २४ लिटर पाणी उकळायला लागतं.

दुसऱ्या बाजूने मांडून पाहिलं. तीच गाडी ताशी ८० किमी वेगावरून पूर्ण थांबवायला साधारण साडेतीन लाख ज्यूल लागतात. म्हणजे तो घाट म्हणजे ऐंशीवरून २४ वेळा गच्च थांबणं झालं. चाळीसच्या वेगाने घाट पाव तासात उतरतो. दर ३८ सेकंदांनी एकदा ऐंशीवरून शून्य. सपाट रस्त्यावर असं कुणी करायला लागलं तर त्याला वेड लागलंय म्हणाल. हवेचा आणि टायरचा विरोध त्यातलं थोडं खातो हे खरं, पण बाकीचं ज्याने खायचं, ते इंजिन मी चौथ्या गिअरात जवळजवळ सुट्टीवर पाठवलं होतं. खालच्या गिअरात इंजिन चाकांना मागे ओढतं आणि ती ऊर्जा त्याच्या आत घर्षणात, हवा आत ओढण्या-दाबण्यात खर्ची पडते. तिची उष्णता बाहेर टाकायला इंजिनाकडे तेल आहे, रेडिएटर आहे. ब्रेकजवळ फक्त वारा, आणि पाय सतत ठेवला तर तोही पुरत नाही. ब्रेक गाडी थांबवतो असं आपण म्हणतो. खरं तर तो वेगाची उष्णता करतो, आणि ती पोटात किती मावणार याला मर्यादा आहे.

इथे बाबांची आठवण आली. ते उतार आला की गाडी न्यूट्रल करायचे, पेट्रोल वाचतं म्हणून. कार्ब्युरेटरच्या जमान्यात त्यात थोडंफार तथ्य असेलही. आजच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत गिअर असताना अॅक्सिलरेटरवरून पाय काढला की इंधन तोडलंच जातं, चाकंच इंजिन फिरवतात. न्यूट्रल केलं तर उलट इंजिन जिवंत ठेवायला इंधन लागतं. म्हणजे बचतही नाही आणि ओढही नाही.

* * *

गॅरेजमध्ये मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो ऑईलचा. ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं?

"मध्ये एकदा टाकलं होतं की. लेव्हल कमी दिसत होती."

"टाकणं वेगळं आणि बदलणं वेगळं, ताई. आणि लेव्हल कमी का झाली ते बघितलंत?"

नव्हतं बघितलं. डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारे पॅड झिजले की त्यांना ढकलणारा, कॅलिपर नावाच्या चिमट्यातला पिस्टन तेवढा बाहेर येतो, त्याच्यामागे ऑईल भरतं आणि वरच्या डबीतली लेव्हल उतरते. म्हणजे कमी झालेली लेव्हल पॅड बघा असं सांगत असते, नाहीतर कुठेतरी गळतंय असं. मी वरून ओतून तिचं तोंड बंद केलं होतं. डबीवरच्या 'मिन'च्या खुणेकडे आता मी नुसती भरायची रेघ म्हणून पाहत नाही.

ऑईल म्हणतात खरं, पण ते तेल नव्हे. नेहमीच्या गाड्यांतलं डॉट ३, डॉट ४ या दर्जांचं ऑईल ग्लायकॉलच्या जातीचं असतं, आणि ते हवेतली वाफ ओढून घेतं. झाकण घट्ट असलं तरी रबरी होजमधून, सीलमधून वर्षानुवर्षं ओल आत शिरत राहते. नवं डॉट ४ किमान २३० अंशांपर्यंत उकळता कामा नये असा त्याचा दंडक आहे. त्यात पावणेचार टक्क्यांच्या आसपास पाणी मुरलं की हाच दंडक १५५ वर येतो. डॉट ३ चा २०५ वरून १४० वर. माझ्या गाडीतलं ऑईल सहा वर्षांचं होतं. मिस्त्रींनी पेनासारखा एक टेस्टर डबीत बुडवला, लाल दिवा लागला. रंगही बघवत नव्हता. नवं फिकट पिवळं असतं, माझं गढूळ तपकिरी.

पुढचं मला न सांगताच कळलं. द्रव दाबला जात नाही, म्हणून पायाचा दाब नळीतून जसाच्या तसा चाकापर्यंत पोचतो. पास्कलचा नियम, तोही मीच शिकवते. वाफ मात्र दाबली जाते. कॅलिपरमध्ये ऑईल उकळलं, वाफेचे बुडबुडे झाले आणि माझा पाय चाक दाबायचं सोडून बुडबुडे दाबत बसला. थंड झाल्यावर वाफेचं पुन्हा द्रव झालं म्हणून पेडल टणक. पटापट मारल्यावर थोडं लागलं, कारण दर वेळी पेडलला जोडलेल्या मास्टर सिलिंडरने नळीत आणखी थोडं ऑईल ढकललं.

पॅड काढले तर ते जेमतेम तीन मिलिमीटर उरलेले, आणि तोंड काचेसारखं चकचकीत. बोटाने घासलं तर सरकत होतं, खरखर नाहीच. डिस्कवर निळे डाग. मिस्त्रींनी मायक्रोमीटर लावला. डिस्कच्या कडेवर कमीत कमी जाडीचा आकडा कोरलेला असतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं. आमची त्याच्या वर होती, तडा नव्हता, म्हणून डिस्क राहिल्या, पॅड बदलले. मागचे लायनर ठीक निघाले.

मग जुनं ऑईल बदलून नळीतली हवा काढायची, कारण हवाही वाफेसारखीच दाबली जाते. त्या दिवशी त्यांचा मुलगा आलेला नव्हता, म्हणून पेडलवर मी बसले. नशीबच म्हणायचं, नाहीतर एवढं जवळून कधी पाहिलं नसतं. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात केली. काही गाड्यांचा क्रम वेगळा असतो, तो पुस्तकात बघायचा. कॅलिपरच्या मागे एक छोटं निप्पल, त्यावर पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीत नव्या ऑईलमध्ये बुडवलेलं. मिस्त्री गाडीखालून ओरडायचे, "दाबा." मी दाबायची. "धरा." ते पाना पाव फेरा फिरवायचे आणि माझ्या पायाखालचं पेडल हळूहळू जमिनीपर्यंत जायचं. अगदी तसंच, घाटात गेलं होतं तसं! पहिल्यांदा पोटात खड्डा पडला. "सोडू नका अजून." पाना परत घट्ट. "सोडा."

पाचव्या-सहाव्या वेळी माझं लक्ष उडालं आणि "सोडा" म्हणायच्या आधीच पाय उचलला. खालून शिवी येता येता थांबली. निप्पल उघडं असताना पेडल सोडलं की ते बाहेरून हवा आत खेचतं. मघापासूनची मेहनत पाण्यात. ते चाक पुन्हा पहिल्यापासून. नळीतून आधी तपकिरी ऑईल, मध्येच साबणासारखे बारीक बुडबुडे, मग पिवळसर, मग स्वच्छ. दर थोड्या वेळाने वरची डबी भरायची, ती रिकामी झाली की पुन्हा हवा. एक थेंब मडगार्डवर पडला तर मिस्त्रींनी लगेच पाण्याने धुतला. रंग उडवतं ते.

शेवटी त्यांनी दोन तपासण्या शिकवल्या, ज्या मी आता महिन्यातून एकदा करते. इंजिन बंद ठेवून पेडल चार-पाच वेळा मारायचं, ते टणक होतं. मग दाबून धरूनच इंजिन चालू करायचं. पेडल किंचित खाली बसलं तर बूस्टर ठीक. आणि इंजिन चालू असताना पेडल एक मिनिट सारख्या जोराने दाबून धरायचं. हळूहळू खचायला लागलं तर कुठेतरी गळती आहे, बाहेर नाहीतर मास्टर सिलिंडरच्या आतल्या सीलमध्ये. पॅडचा किर्र आवाज, ब्रेक दाबताना गाडी एका अंगाला ओढणं, स्टीअरिंग थरथरणं, हे तर कळतंच. आपण आवाज वाढवून गाणी लावतो हा भाग निराळा. दिव्यांचंही त्यांनीच सांगितलं. एबीएस म्हणजे गच्च ब्रेक मारला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा. तिचा पिवळा दिवा लागून राहिला तर साधा ब्रेक लागतो, एबीएस मिळणार नाही. लाल दिवा हँडब्रेक सोडूनही विझत नसेल तर गाडी पुढे न्यायची नाही.

* * *

नवे पॅड लगेच पूर्ण पकडत नाहीत. साठवरून वीसपर्यंत आठ-दहा वेळा बऱ्यापैकी ब्रेक मारायचा, मध्ये गाडी पळवून थंड होऊ द्यायची, पूर्ण थांबायचं नाही. पॅडचा पातळ थर डिस्कवर सारखा बसला पाहिजे. गरम असताना दाबून उभे राहिलात तर एकाच जागी ठसा उमटतो आणि पुढे ब्रेक मारताना धडधड येते. पुष्कळदा "डिस्क वाकडी झाली" म्हणतात ती अशी असते. ट्रकवाला हँडब्रेक नको का म्हणाला ते तेव्हा उमगलं.

दोन आठवड्यांनी एका निवृत्त बसचालक काकांना गाठलं. नवशिक्यांना ते मोकळ्या मैदानावर शिकवतात. "मला ब्रेक मारायला शिकायचंय," म्हटलं तर हसले नाहीत. सीटवर बसवलं आणि पेडल तळापर्यंत दाबायला लावलं. पूर्ण दाबल्यावरही गुडघा थोडा वाकलेला राहिला पाहिजे. माझा सरळ होत होता. सरळ पायाने जोर लागत नाही, आणि धडक बसली तर तोच पाय मोडतो. सीट दोन खाचे पुढे आली. सीटखालून घरंगळणारी बाटली त्यांनी न बोलता उचलून डिकीत ठेवली. ती पेडलखाली गेली असती तर बाकी सगळं ज्ञान वाया.

"पन्नासवर घ्या आणि मी हात खाली केला की गच्च. जेवढा जोर असेल तेवढा."

हात खाली आला, मी दाबला, पायाखाली गडगड सुरू झाली, पेडल उलट लाथ मारायला लागलं आणि मी पाय उचलला.

"का उचललात?"

"काहीतरी मोडलं असं वाटलं."

"एबीएस होतं ते. गाडी किती वर्षं आहे म्हणालात?"

सहा वर्षं. सहा वर्षांत एबीएस एकदाही पायाला लागलं नव्हतं. मर्सिडीजच्या एस-क्लासमध्ये बॉशचं एबीएस १९७८ साली आलं आणि मी अजून त्याला पाहून बिचकत होते. माझी जुनी खोड वेगळीच निघाली. शिकले बाबांच्या गाडीवर, तिला एबीएस नव्हतं. तिच्यात चाक जाम होऊ नये म्हणून मारा-सोडा-मारा करावं लागायचं. एबीएस तेच काम सेकंदाला कितीतरी वेळा करतं. आपण मध्ये सोडलं तर फक्त अंतर वाढतं. घाटात पटापट मारायचं ते पेडल खाली गेलं म्हणून. पेडल टणक असताना एबीएसच्या गाडीत एकदा दाबायचं, थरथर आली तरी दाबूनच ठेवायचं. हा फरक पायाला शिकवायला मला नऊ फेऱ्या लागल्या.

दहाव्या फेरीला त्यांनी समोर जुने टायर रचले. गच्च ब्रेक आणि टायर चुकवून वळवा. एबीएसचा खरा उपयोग हा आहे. चाक जाम झालं की स्टीअरिंग फिरवून काही होत नाही, गाडी सरळ घसरते. चाक फिरत राहिलं तरच वळतं. मी दोनदा टायरांना उडवलं, कारण मी टायरांकडेच बघत होते. "जिथे जायचंय तिथे बघा. जिथे जायचं नाही तिथे काय बघताय?" तिसऱ्यांदा मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि हात आपोआप तिकडे गेले.

मैदानाच्या कडेला खडी होती, तिथेही करून पाहिलं. एबीएस असूनही गाडी लांबवर गेली. सुट्या खडीवर जाम चाक स्वतःपुढे खडीचा ढीग लोटतं, फिरतं चाक नाही, म्हणून अशा जागी एबीएसवाली गाडी उलट जास्त लांब थांबू शकते. याचं उत्तर ब्रेकमध्ये नाही, आधीच हळू जाण्यात आहे.

घरी येऊन परत कागद घेतला. भान यायला एक सेकंद धरला आणि कोरड्या रस्त्यावर बऱ्यापैकी गच्च ब्रेक. पन्नासवरून थांबायला २८ मीटर लागतात, त्यातले १४ तर पाय पेडलवर पोचेपर्यंतच जातात. शंभरवरून ८३. पण मला हादरवलं ते वेगळ्याच गणिताने. पन्नासवाली गाडी ज्या जागी थांबली, त्याच जागी साठवाली अजून चाळीसच्या वेगात असते. दहाचा फरक, आणि एकीला थांबलेली म्हणायचं, दुसरीला धडकलेली. नववीच्या पेपरात हे गणित मी यंदा घातलं. निम्म्या वर्गाने उत्तर "दहा" लिहिलं.

अंतर मोजायची काकांची रीत सोपी आहे. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी गेली की मोजायला लागायचं, एकशे एक, एकशे दोन, एकशे तीन. त्याआधी आपण खांबाशी पोचलो तर जवळ आहोत. पावसात दुप्पट. मी अंतर ठेवलं की त्यात कुणीतरी घुसतोच, मग परत मागे व्हायचं. चिडचिड होते, नाही असं नाही.

* * *

चार महिन्यांनी त्याच घाटाने यायची वेळ आली. या वेळी दादाची गाडी पुढे होती, ऑटोमॅटिक. निघायच्या आधी आमची जुंपली. "ऑटोमॅटिकला कसला आलाय गिअर? डीमध्ये टाकायचं आणि जायचं." त्याच्या लिव्हरजवळ अधिक-उण्याची खूण होती, तीन वर्षांत तिला त्याने हात लावला नव्हता. मॅन्युअलमध्ये टाकून दोन नंबर धरायला लावला. विजेच्या गाडीत हेच काम मोटर करते आणि वर बॅटरी भरते. पण बॅटरी आधीच पूर्ण भरलेली असेल तर ती ऊर्जा ठेवायला जागा नसते आणि मोटरची ओढ कमी पडते. घाटमाथ्यावर चार्जिंग करून उतरणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

मी उतार सुरू व्हायच्या आधीच दुसरा टाकला, उतारात नव्हे. इंजिन तीन हजारांच्या जरा खाली, वेग पस्तीस. आवाज मोठा येतो, आईने दोनदा विचारलं, "गाडीला काही झालं का?" बहुतेक वेळ पाय ब्रेकवर नव्हताच, बाजूला होता. उतार तीव्र झाला की वेग चाळीसवर चढू द्यायचा, मग ठाम दाबून तीसवर आणायचा आणि पाय पूर्ण काढायचा. वळणात शिरण्याआधी दाबायचं, वळणात नाही. मधल्या वेळात वारा आपलं काम करतो. मागे एक जण हॉर्न वाजवत होता. रुंद जागा आली तशी बाजूला घेऊन त्याला जाऊ दिलं. तो गेला तेव्हा त्याचे मागचे लाल दिवे सबंध उतारभर लागलेलेच होते.

मध्ये एक ओढा रस्त्यावरून वाहत होता. पार केल्यावर पेडल दोन-तीनदा हलकं दाबून ओले पॅड कोरडे केले. पुढे वळण असेल आणि पहिला दाब ओला जाईल, तर ती वेळ वाईट.

पायथ्याला थांबले. गाडी सपाटीवर, रिव्हर्स गिअरात. हँडब्रेक लगेच ओढला नाही. खाली उतरून पुढच्या चाकाजवळ तळहात नेला, डिस्कला न लावता, वीतभर लांब. कोमट ऊब. वहिनीने काच खाली करून विचारलं, "येतोय का वास?"

"नाही."

"दादाच्या गाडीचा बघ."

दादाच्या गाडीचा थोडा येत होता. शेवटच्या दोन किलोमीटरला त्याने परत डी केलं होतं, आवाजाचा कंटाळा आला म्हणून. आम्ही अर्धा तास तिथेच थांबलो, आणि तेवढ्यात मी त्याच्या गाडीचं बॉनेट उघडून ब्रेक ऑईलची डबी पाहिली. माझ्या डबीच्या झाकणावर आता एक चिकटपट्टी आहे, तिच्यावर ऑईल बदलल्याची तारीख आणि त्यापुढे पुन्हा बदलायची, दोन वर्षांनंतरची तारीख. त्याच्या डबीतलं ऑईल तपकिरी होतं.